पोटभर म्हणजे किती?

वजन कमी करायचे म्हटले की आपल्याकडे लोक हसतात. "काल खायला नव्हते, आज उतरवायला निघाल्या!" असे आम्हा तिघी जावांनाही ऐकावे लागले. पण मधुमेह आणि गुडघेदुखी आता आपल्या वस्तीतही आली आहे, आणि ती हसण्यावारी जाणारी नाही.

पेण तालुक्यातले आमचे जोहे गाव, शेजारचे हमरापूर, ही गणपतीच्या मूर्ती घडवणारी गावे. त्या मूर्तींची पूजा आमच्या घरी होत नाही, पण रंगकामाची मजुरी आमच्या चुलीला लागते. सासूबाईंच्या पिढीने दिवसभर चिखलात वाकून भातलावणी केली. आम्ही सकाळपासून बसल्या जागी हात तेवढे हलवतो. ताटात मात्र लावणीच्या दिवसांतलेच जेवण: तांदळाची भाकरी, वर भाताचा ढीग, सुकटीचे कालवण. त्यात कारखान्यावरचा गोड चहा, बिस्किटे आणि वडापाव यांची भर.

काम बदलले तसे ताट का बदलत नाही? आड येते ते मन. मुलांच्या ताटात उरलेला घास आई टाकवत नाही म्हणून खाते. पाहुण्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही तर घरधनीण रुसते. हा हावरटपणा नव्हे, भगिनींनो. ज्यांच्या आज्यांनी उपाशीपोटी रात्री काढल्या, त्यांच्या घरात भरलेले ताट हीच इभ्रत असते. म्हणून कुणाला "खादाड" म्हणून ही सवय सुटत नाही.

खाण्याची सवय सुटते, हे मात्र आपल्याच इतिहासात आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. तिथे प्रश्न माणुसकीचा होता. आमच्या वजनाची त्याच्याशी बरोबरी नाही. पण मनाने घेतले की जीभ ऐकते, एवढे त्यावरून कळते.

सोडावे कसे, हे संयुत्तनिकायातल्या पसेनदी राजाच्या कथेत सापडते. कोसलचा हा राजा द्रोणाच्या मापाने भात खाई. (आपला पळसाचा द्रोण नव्हे, ते धान्याचे मोठे माप.) जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ करून रोज राजाच्या जेवणाच्या वेळी म्हणायची, त्याबद्दल राजा त्याला रोज शंभर कार्षापण देई. राजा हळूहळू लहान मापावर आला आणि अंगाने हलका झाला.

आमच्याकडे शंभर कार्षापण नाहीत, सासूबाई आहेत! शिजवायच्या तांदळातून एक मूठ कमी केली, महिनाभर तेवढेच ठेवले, मग आणखी एक मूठ. रात्री भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. वालाची, मुगाची उसळ आणि पालेभाजी वाढवली. चहातली साखर आधी अर्ध्यावर आणली. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, डोके दुखे, चिडचिड होई. त्यानंतर जीभ सरावली.

नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, आपली माणसे बारीक दिसली तरी अंगात चरबी जास्त असू शकते. म्हणून शिंप्याच्या टेपने कंबर मोजावी. बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये.

गणपतीच्या आधी कारखान्यात रात्री जागाव्या लागतात, तेव्हा वडापाव पुन्हा समोर येतो. आम्ही भाजलेले चणे पदरात बांधून नेतो. सासूबाईंना सुरुवातीला आमचे हे खूळ वाटे, "आजारी पडाल" म्हणून त्या वाढतच राहत. आता तांदूळ काढताना त्याच विचारतात, "कालच्याच मापाने घेऊ ना गं?"