हापसा

आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर तो उभा आहे. तीन पाय सिमेंटच्या ओट्यात रुतलेले, त्यावर पाण्याची गोल टाकी, टाकीला पुढे झुकलेली तोटी, वर चौकोनी डोकं आणि मागे लांब लोखंडी दांडा. अंगावर जागोजाग गंज चढलाय. दांड्याचं टोक मात्र लखलखतं. गावाचे तळहात तेवढ्याच जागेवरून वर्षानुवर्षं फिरलेत. सरकारी कागदावर त्याचं नाव 'इंडिया मार्क टू'. गावात हे नाव कुणी घेत नाही. गावात तो हापसा.

स्वभावानं तो सरळ. हाताचं बळ सुमारे आठपट होऊन खाली पोचेल, अशी त्याच्या दांड्याची रचना. म्हणून दीडशे फुटांवरचं पाणीही शाळकरी पोर वर आणू शकतं. एकट्याला जड गेलं तर दोघं मिळून दांड्याला लोंबकळतात. ४०-५० हापसे मारले की घागर भरते. त्याला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. मागेल त्याला तो सारखंच देतो.

त्याचा आवाज बायांना ओळखीचा. आतल्या साखळीला ग्रीस असलं की तो दबक्या आवाजात खडक-खडक करत चालतो; ग्रीस सुकलं की कुरकुरतो. पहिले दहा-बारा हापसे कोरडे जाऊ लागले की माझी आजी म्हणायची, "खालचं झाकण पाणी धरीना. आता कुणाला तरी सांगा, नायतर बसंल हा." बहुतेक वेळा तिचं निदान खरं ठरायचं.

या लोखंडी माणसाचं कुळ शोधायला गेलं की आपल्याच मुलखात येऊन पोचतो. १९६७ च्या सुमारास युनिसेफनं हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं भारतात आणली. कठीण खडकात भोक पाडायचं काम सोपं झालं. पण भोकावर बसवायला पंप होते ते बिडाचे, परदेशातल्या घरगुती अंगणातल्या पंपांच्या नकला. एका कुटुंबासाठी घडलेल्या त्या पंपावर इथे अख्खं गाव पहाटेपासून तुटून पडलं. सांधे झिजले, बीड तडकलं. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांतले जवळपास तीन पंप बंद निघाले. पाणी जमिनीखाली होतं, भोक पाडलेलं होतं, पैसा खर्च झाला होता आणि बाई पुन्हा आडावर गेली होती.

उत्तराची सुरुवात जालन्यात झाली होती. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनी बीड सोडून पोलाद घेतलं, अनेक खिळखिळ्या सांध्यांच्या जागी एकच फिरता सांधा ठेवला आणि दट्ट्याची सळई साखळीला टांगली. सोलापुरात ती कल्पना आणखी पक्की झाली. जालना पंप, सोलापूर पंप ही नावं आज आपण विसरलोय. मार्क टू त्यांचाच वंशज.

पण गावातली चांगली कल्पना गावातच राहिली असती तर तिचा उपयोग दहा-वीस गावांपुरता. इथे पुढची माणसं नीट जोडली गेली. केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून ठरवलं की देशाला एकच मजबूत पंप हवा. मद्रासच्या 'मेराडो' या संशोधन संस्थेनं सोलापूरच्या पंपाचा सुधारलेला आराखडा केला. कोइमतूर परिसरातल्या गावांत नमुने बसवून ते रोजच्या गर्दीखाली तपासले गेले. रिचर्डसन अँड क्रूडास या सरकारी कंपनीच्या मद्रासच्या कारखान्यात तो मोठ्या संख्येनं घडू लागला. १९७९ साली त्याचं भारतीय मानक निघालं, आयएस ९३०१. आराखड्यावर कुणाची मालकी ठेवली नाही; मानक पाळेल त्या कारखान्यानं तो करावा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप तयार होऊन जगभर बसले.

मला या सगळ्यात ते मानक फार मोलाचं वाटतं. मानकामुळे एका राज्यातल्या कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या राज्यातल्या पंपाला बसतो. दिल्लीनं नियम केला, राज्यानं खरेदी केली, जिल्ह्यानं पंप बसवला; आणि या सगळ्यांचं बोलणं एकमेकांशी जुळलं ते लोखंडाच्या मापात.

महाराष्ट्रात त्याला जागा दाखवली ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी ती उभी राहिली. आपला बहुतेक मुलूख काळ्या बेसॉल्ट खडकाचा. त्यात पाणी सगळीकडे नसतं. भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठतं. भूवैज्ञानिकानं जागा सांगायची आणि यंत्रानं भोक पाडायचं. बोअर होताना आधी पांढुरकी धूळ उडते, मग धूळ ओली होते, मग राखाडी पाण्याचा लोट उसळतो. जुनी माणसं त्या क्षणी नारळ फोडत. त्या नारळात भूगर्भशास्त्र, सरकारी पैसा आणि गावाचा नवस असं सगळंच आलं.

पंप बसवणं सोपं, जगवणं अवघड. त्याची नेहमीची दुखणी साधी: खालच्या नळकांड्यातला कप वॉशर झिजतो, साखळी सुकते, नटबोल्ट सैल होतात. तमिळनाडूनं त्यावर तीन पायऱ्यांची सोय लावली. प्रत्येक पंपाला गावातला एक राखणदार, साधारण १०० पंपांना तालुका पातळीवर एक मेकॅनिक आणि १००० पंपांना जिल्ह्याचं फिरतं पथक. राखणदारानं ग्रीस घालायचं, बोल्ट आवळायचे, ओटा स्वच्छ ठेवायचा आणि हाताबाहेरचं काही असेल तर वर कळवायचं. पाइप ओढायचे तर पथक येणार. कुणी काय करायचं हे ठरलेलं.

अशा सोयीतली एक पायरी निसटली की काय होतं, ते मी आमच्याच पारासमोर पाहिलंय. एका उन्हाळ्यात हापसा बंद पडला. गावाला वाटलं, पंचायतीनं कळवलं असेल. पंचायतीला वाटलं, पथकाला माहीत असेल. दुरुस्तीची वर्गणी थकलेली होती, म्हणून कागद पुढे सरकला नव्हता. पंधरवडा गेला. बाया पाऊण कोसावरच्या मळ्यातून पाणी आणत राहिल्या. शेवटी पथक आलं, तिकाटणं उभं राहिलं, एकेक पाइप वर आला. मेकॅनिकनं हातात झिजलेला चामड्याचा चकलीएवढा तुकडा धरला आणि आजीला म्हणाला, "वायसर गेलतं, मावशे. दोन घंट्याचं काम." आजी काही बोलली नाही. तिनं तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. पंधरा दिवसांची पायपीट तिला त्यात दिसत असावी.

त्या दिवसापासून मला वाटतं, मोठी सार्वजनिक कामं दिल्लीत चुकत असतील किंवा नसतील, थांबतात ती मात्र अशाच ठिकाणी. वरचा खाली पाहत नाही, खालचा वर कळवत नाही आणि मधला कागदाची वाट पाहतो.

जिथे शेवटची पायरी पक्की झाली तिथे हापशानं मोठी कामं केली. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेनं गावातल्याच तरुणांना पंपाचे मिस्त्री केलं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमात बायांनी पान्हे हाती घेतले. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या पंप खोलून पुन्हा जोडू लागल्या. पुढे मार्क थ्री आला. त्यात पाणी वर आणणारा पाइप रुंद ठेवला, म्हणजे सगळे पाइप न उपसता दट्ट्या बाहेर काढता येतो. गावातल्या हातांना जमावं, म्हणून यंत्रानं स्वतःचं अंग बदललं.

आणि नारू. पायातून दोन-तीन फूट लांबीचा जंत बाहेर पडणारा तो रोग आमच्या आधीच्या पिढीनं सोसला. तो पायऱ्यांच्या विहिरींतून, पाण्यात उतरणाऱ्या पायांतून पसरायचा. हापशाच्या पाण्यात कुणाचा पाय पडत नाही. पाणी गाळून पिणं, रुग्ण शोधणं, विहिरींवर उपचार आणि हापसे, या सगळ्यांनी मिळून तो घालवला. १९९६ मध्ये भारतात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आता त्याचं वय झालंय. २०१९ पासून जल जीवन मिशनचे नळ घरात येताहेत. ते यायलाच हवेत, बाईच्या डोक्यावरची घागर उतरायलाच हवी. काही वाड्यांवर त्याच्याच बोअरमध्ये सौर पंप सोडून दुहेरी योजना झाली आहे. पण योजनेची मोटर जळते, वीज जाते, तेव्हा गाव पुन्हा त्याच्याकडे वळतं. शेतातले बोअर मात्र त्याच्या पोचेपलीकडे खोल गेलेत आणि त्याच्या तोंडचं पाणी ओढतात. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये, असा नियम महाराष्ट्रानं १९९३ च्या कायद्यात केला. तो पाळायचा होता कुणी? तिथेही पुन्हा शेवटची पायरी गावाचीच.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात हापसा असेल तर पुढच्या ग्रामसभेत त्याचा विषय घ्या. त्याच्या ओट्याभोवती सांडपाणी साचतं का, साखळीला ग्रीस कोण घालतं, वर्गणी भरली आहे का, बंद पडला तर कुणाला कळवायचं, एवढं विचारा आणि एका माणसाचं नाव लिहून ठेवा. देशानं, राज्यानं, जिल्ह्यानं आपापलं काम केलं म्हणून तो तुमच्या दारी आला. त्याला चालता ठेवण्याचं काम तुमचं आहे.