थाप, डाख आणि आखाजी

आपल्याकडे दुरुस्तीचा पहिला प्रकार कोणता? थाप! टीव्हीला मुंग्या आल्या, थाप. रेडिओ खरखरला, थाप. हॉस्टेलवर तर विचारूच नका. चार्जरची वायर एका ठरावीक कोनात वाकवून वर जाड पुस्तक ठेवायचं (थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाचा तेवढाच उपयोग!), पंख्याचा रेग्युलेटर दोनदा मागे-पुढे करायचा. आणि प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवरची वायर बोटाने दाबून धरायची, सर आऊटपुट बघून पुढच्या टेबलाकडे जाईपर्यंत. सर्किट चाललं, सही मिळाली, जर्नल पूर्ण!

हा लेख त्या थापेबद्दल आहे. थाप मारल्यावर जे चालू होतं ते बिघडलेलंच असतं, एवढी एकच गोष्ट मला सांगायची आहे. पण ती सांगायला तुम्हाला धुळ्याला न्यावं लागेल. आणि हो, शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाबद्दल संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

आपलं कॉलेज जळगावला, माझी आजी धुळ्याला. शनिवारी दुपारी एस.टी. पकडली की एरंडोल, पारोळा करत संध्याकाळपर्यंत जुन्या धुळ्यातल्या घरी. तिथे बैठकीच्या खोलीत लाकडी कपाटावर एक जपानी स्टिरिओ रिसीव्हर आहे. ब्लूटूथ स्पीकरच्या पिढीसाठी सांगते: रिसीव्हर म्हणजे रेडिओचा ट्यूनर, प्रीअँप्लिफायर आणि पॉवर अँप्लिफायर एकाच पेटीत. वजन चौदा-पंधरा किलो, पुढे ॲल्युमिनियमचं पॅनेल, ट्यूनिंगचा जड गोल नॉब. आजोबांच्या धाकट्या भावाने १९८१ साली मस्कतहून आणला. सोबत एक कॅसेट डेक. त्या काळी असा सेट बाहेरून आणणं म्हणजे गल्लीत चर्चा, आठ दिवस चहा-पाणी!

आजोबा गेले, सेट राहिला. त्यावर मुख्यतः मीडियम वेव्ह ९६३ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी जळगाव ऐकलं जायचं. मीडियम वेव्हचा कार्यक्रम मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. त्यामुळे डावा स्पीकर कधी बोलायचा, कधी बंद पडायचा, इकडे कोणाचं लक्षच नव्हतं. फारच आवाज कमी वाटला की कपाटाजवळून जाणारा एक थाप द्यायचा. पुढे पुढे थापेलाही तो ऐकेना.

या वर्षी काकांनी जुनं घर रिकामं करायचं ठरवलं. सामानाची यादी झाली आणि रिसीव्हर "भंगार" या रकान्यात गेला. भंगारवाला तो किलोवर घेणार होता. मी म्हटलं, काका, मला आखाजीपर्यंत वेळ द्या. काका म्हणाले, "दिला. पण त्याच्या पुढे एक दिवस नाही."

आखाजीच का, ते सांगते. खान्देशाबाहेरच्या मुलींना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनेखरेदी वाटते. आमच्याकडे तो सासुरवाशिणीचा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होतो. आणि गाणी! एकीने म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. १९८८ च्या आखाजीला आजोबांनी डेकला दोन माईक लावून ही गाणी रेकॉर्ड केली. एक माईक आजीजवळ, दुसरा तिच्या धाकट्या बहिणीजवळ. ती मावशीआजी २००३ साली वारली. तिचा आवाज फक्त त्या कॅसेटवर.

पण कॅसेट लावली की आजीचा आवाज स्वच्छ आणि उत्तर देणारी मावशीआजी कुठेतरी विहिरीतून बोलल्यासारखी. घरात सर्वांचं एकमत होतं की टेप जुनी झाली, आवाज पुसला गेला. आजीनेही तेच मान्य केलं होतं. अनेक वर्षं ती कॅसेट कोणी लावलीच नव्हती.

मी पहिल्या शनिवारी सेट उघडलाच नाही. आधी स्पीकरच्या वायरी आलटून-पालटून लावल्या. स्पीकर बदलला तरी डावी बाजूच बंद, म्हणजे स्पीकर ठीक. या सेटच्या मागे प्रीअँप आणि पॉवर अँप यांना जोडणारे दोन छोटे जम्पर आहेत. ते काढून मी उलटे जोडले: डाव्या प्रीअँपचा सिग्नल उजव्या पॉवर अँपला, उजव्याचा डाव्याला. आणि तीच कॅसेट लावली.

उजव्या स्पीकरमधून मावशीआजीचा आवाज आला. खणखणीत! आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "हाई ते मनी बहीन शे!" एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

टेप पुसलेली नव्हती. प्रीअँप धडधाकट होता. बिघाड डाव्या पॉवर अँपपासून स्पीकरच्या टर्मिनलपर्यंतच्या वीतभर रस्त्यात होता. पण आता आजी विहिरीत! जम्पर सरळ लावले तर आजी ऐकू येते, उलटे लावले तर तिची बहीण. एक म्हणते आणि दुसरी उत्तर देते, असं गाणं ऐकायचं तर तो वीतभर रस्ता दुरुस्त व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना घरी बोलावलं. वय सत्तरच्या पुढे, दुकान आता बंद. त्यांनी अट घातली, हात मी लावायचा, ते फक्त बघणार. प्लग काढला, झाकण उघडलं. "आता लगेच बोट घालू नको, ताई." पॉवर सप्लायमध्ये १०,००० मायक्रोफॅरॅडचे दोन कपॅसिटर, प्रत्येकावर ४० व्होल्ट. अर्धा सी व्ही स्क्वेअर करा, प्रत्येकी ८ जूल ऊर्जा, प्लग काढल्यावरही तिथेच बसलेली. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर एकेका कपॅसिटरला मिनिटभर लावून धरला. टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, म्हणजे मिनिटात जवळजवळ शून्य. मीटरने खात्री केली, मगच पुढे.

मग घड्याळजीची लूप डोळ्याला लावून बोर्डाची तांब्याची बाजू बघितली. स्पीकर चालू करणाऱ्या रिलेच्या एका पिनेभोवती केसासारखी काळी रेघ होती, बांगडीसारखी गोल. मीटरची एक तार पिनेवर, दुसरी तांब्याच्या पट्टीवर. पेन्सिलच्या मागच्या टोकाने रिलेला हळूच टोचलं की आकडा बदलायचा: कधी शून्य, कधी काही ओहम, कधी ओपन. "हा बघ तुमचा थापेचा पेशंट," मिस्त्रीकाका म्हणाले. "थाप मारली की पीन डाखाला टेकायची. टेकणं म्हणजे जोडणं नव्हे."

डाख! हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सोल्डरला मराठीत इतका छोटा शब्द आहे हे दहा वर्षांच्या कॉन्व्हेंटने आणि इथल्या दोन वर्षांनी मला सांगितलं नव्हतं. मी राळेचा, म्हणजे फ्लक्सचा उपयोग आजीला समजावून सांगत होते, की धातूवर हवेने जो थर चढतो तो काढल्याशिवाय डाख पकडत नाही. आजी म्हणाली, "मग कल्हईवाला नवसागर कशाला टाकायचा? आणि सोनार टाकणखार?" मी बघतच राहिले. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर, दारावर येणारा कल्हईवाला आणि आपली इलेक्ट्रॉनिक्स लॅब, तिघांचं शास्त्र एकच. कुणाचा टाकणखार, कुणाचा नवसागर, कुणाची राळ. सोल्डरिंगच्या बिटाला आपण जे टिनिंग करतो ती कल्हईच!

आता थोडं पुस्तकातलं, पण परीक्षेपुरतं नाही. चांगल्या जोडात डाख हा गोंदासारखा चिकटत नाही. वितळलेलं कथील तांब्याशी संयोग पावतं आणि दोघांच्या मध्ये मायक्रॉनच्या मापातला एक नवा थर तयार होतो. खरा जोड तो थर. पिनेला किंवा पट्टीला पुरेशी उष्णता मिळाली नाही, तर थेंब नुसता वर बसतो. बाहेरून जोड, आतून शेजारी!

आणि चांगला जोडही थकतो. कथील ६३ टक्के, शिसं ३७ टक्के असा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे ४५६ केल्विन. खोलीचं तापमान २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन. भागाकार करा, ०.६६ येतो. पोलादासाठी हाच आकडा ०.१७ च्या आसपास. हा आकडा अर्ध्याच्या पुढे गेला की धातू भाराखाली हळूहळू सरकू लागतो, ज्याला आपण क्रीप म्हणतो. खान्देशातल्या ४५ अंशांच्या दुपारी तो आकडा ०.७० होतो, आणि तापलेल्या पेटीच्या आत त्याहून जास्त. सेट तापतो, निवतो, पीन आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. त्या जुन्या बोर्डाला तांबं एकाच बाजूला, म्हणून सगळा ताण डाखाच्या एका कड्यावर. वर जड रिले, प्रत्येक वेळी टक् करून हादरणारा. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तर हे दिवसातून किती वेळा झालं असेल! इतकी वर्षं त्या कड्याने काम केलं हेच नवल.

तुम्ही म्हणाल, एका रिसीव्हरसाठी एवढं पुराण कशाला? म्हणून एक खरी घटना सांगते. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअर एशियाचं क्यूझेड ८५०१ हे एअरबस ए३२० विमान जावा समुद्रात कोसळलं. १६२ जण गेले. इंडोनेशियाच्या तपास समितीचा अहवाल २०१५ च्या डिसेंबरमध्ये आला. शेपटीच्या रडरची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सोल्डरचा जोड तडकलेला होता. त्या विमानात आधीच्या बारा महिन्यांत याच यंत्रणेच्या बिघाडाच्या २३ नोंदी होत्या. त्या दिवशीही इशारा चार वेळा आला. चौथ्या वेळी सर्किट ब्रेकर काढून-लावून तो घालवण्याच्या प्रयत्नात ऑटोपायलट बंद पडला, आणि पुढे वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. सोल्डरचा जोड हे एकटं कारण नव्हतं. पण येणारा-जाणारा बिघाड पुन्हा पुन्हा रिसेट होत राहिला की काय होऊ शकतं, ते यात आहे. रिसेट ही पण थापच की हो.

परत धुळ्याला. माझं २५ वॅटचं सोल्ड्रॉन तापलं. "जुन्यावर नवा थापू नको," मिस्त्रीकाका म्हणाले. पंपाने जुना डाख ओढून काढला, पीन आणि पट्टी स्पिरिटने पुसली, राळ लावली. बिट पीन आणि पट्टी दोघींना एकदम टेकवलं आणि तार बिटावर न लावता जोडावर लावली. दोन-तीन सेकंदांत डाख पाण्यासारखा पसरला. बिट उचललं आणि गोठेपर्यंत श्वाससुद्धा हळू! गोठताना हललेला जोड पहिल्या दिवसापासून कच्चा असतो. तार मुद्दाम ६३-३७ ची घेतली होती. हल्लीच्या शिसेविरहित डाखाला २१७ अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि तेवढ्यात जुन्या बोर्डाची पट्टी उचकटण्याची भीती. (शिशाची तार वापरली की हात साबणाने धुवायचे आणि खिडकी उघडी ठेवायची, हे ज्युनियर्सनी लक्षात ठेवावं.)

एक रेघ सापडली म्हणून थांबलो नाही. रिलेच्या बाकीच्या पिना, तापणाऱ्या रेझिस्टरचे पाय, स्पीकर टर्मिनल, असे एकूण अकरा जोड नव्याने केले. पहिल्यांदा चालू करताना मेनमध्ये १०० वॅटचा जुना बल्ब सिरीजला घातला, आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटून सेट वाचवेल. बल्ब क्षणभर उजळला, मंदावला. काही सेकंदांनी रिले टक् वाजला.

आखाजीला घरी आत्या आल्या होत्या. जम्पर सरळ लावून कॅसेट घातली. डावीकडून एक, उजवीकडून दुसरी, मध्ये झोक्याची करकर आणि कुणाचं तरी हसणं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आते दोन्ही ऐकू येतस." काकांनी यादी मागवून घेतली आणि एक ओळ खोडली.

मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहे, कारण टेपचं आयुष्यही कायमचं नसतं. रिसीव्हरही पुन्हा बंद पडेल, एखादा दुसरा जोड सुटेल. झाकणाच्या आत मिस्त्रीकाकांनी १९९६ साली लिहिलेली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: फ्यूज बदलला, तारीख, सही. तिच्या खाली मी माझी लावली. कोणते अकरा जोड केले, कोणता डाख वापरला, तारीख. आणि शेवटी मराठीत एक ओळ: थाप मारू नये, उघडून बघावे.