चाकूरची हवा

आमच्या लहानपणी घरात कुणाची छाती भरली आणि खोकला महिनाभर हटेना, की वडीलधारी माणसे आधी एकच शब्द उच्चारीत: हवापालट. औषधाचा विचार त्यानंतर. ज्यांच्या गाठीला पैसा असे, त्यांची नावे पाचगणीशी जोडलेली ऐकू येत, तिथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी ‘बेल एअर’ काढले होते. त्याहून बेताची ऐपत असलेले मिरजेला, वॉन्लेसवाडीच्या आरोग्यभुवनात. ज्यांच्यापाशी काहीच नसे ते मामाच्या गावी जात. आणि जे मुळात मामाच्याच गावी राहत असतील, त्यांनी खाट ओसरीवरून अंगणात घ्यावी, एवढाच त्यांचा हवापालट!

हा शब्द मी विसरून गेले होते. शाळेतली नोकरी संपली होती आणि चाकूरच्या घरात मी नि आमचे हे, अशी दोघेच उरलो होतो. मुलगा बँकेत, सून हिशेबनिसाच्या कचेरीत, बिऱ्हाड पुण्यात. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमची नात जन्मली. मी बाळंतपणासाठी पुण्यात होते आणि इकडे लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी येत होते. दहा डब्यांची ती पहिली गाडी १२ एप्रिलला आली. ‘पाण्याचा दुष्काळ तिकडे ठेवून आलीस, इथे तरी हात सैल सोडून पाणी वापर,’ असे व्याही मंडळींनी मला हसून सांगितल्याचे आठवते.

चिमीचे वजन भरेना. खादाड म्हणावी अशी पोर, पण अंगी काही लागत नसे. सारखी सर्दी, सारखा खोकला. एकाने दमा सांगितला, दुसऱ्याने बालक्षय म्हणून सहा महिने औषधे दिली. तिचा मुका घेतला की ओठांना मीठ लागे. त्याचे आम्हाला कौतुकच वाटे. पुढे कळले की युरोपात फार पूर्वीपासून अशा खारट कपाळाच्या मुलाविषयी आयांच्या मनात धास्ती असे. २०१८ साली पुण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञाने घामाची तपासणी करायला सांगितली. घामातल्या क्लोराइडचा आकडा ६० च्या वर गेला की रोग धरतात. तिचा त्याहून बराच वर निघाला. रोगाचे नाव सिस्टिक फायब्रोसिस.

नाव उच्चारायला आम्हाला आठ दिवस लागले, समजायला वर्ष. डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्याच्या मुळाशी असलेला जनुक १९८९ मध्ये सापडला. पेशींच्या भिंतीत मिठाची ये-जा सांभाळणारे एक दार असते, ते बिघडलेले असते. त्यामुळे शरीरातले स्राव पातळ राहत नाहीत. छातीत चिकट कफ साचतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि खाल्लेले तूपतेल पचत नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक यावा लागतो. दोघेही स्वतः ठणठणीत असतात आणि दर खेपेला चारांत एक अशी शक्यता असते. आपल्या देशात हा रोग नाहीच, असे पुष्कळ वर्षे समजत असत. नाही म्हणून कुणी शोधत नसे आणि शोधत नसे म्हणून सापडत नसे.

आणि मग तो जुना शब्द घरात परत आला. जो तो आम्हाला गावे सुचवू लागला. कुणी महाबळेश्वर म्हणाले, कुणी नाशिक. सुट्टीत तिला घेऊन चाकूरला आले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाई, लेकराला कोकणात न्या बगा. समुद्राच्या हवेनं छाती मोकळी होती म्हणायलेत.”

काकूंचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही आणि ते बरेच झाले. ऑस्ट्रेलियात या रोगाची जी मुले समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळत, त्यांची छाती इतरांपेक्षा बरी राहते, असे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. खारे तुषार श्वासावाटे आत गेले की फुप्फुसातल्या चिकट थराला पाणी सुटते आणि कफ हलतो. मग त्यांनी मिठाचे दाट पाणी यंत्रातून वाफाऱ्यासारखे देऊन पाहिले. २००६ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध झाले आणि आज शेकडा ७ मिठाचे ते पाणी जगभर वापरतात. म्हणजे काकूंचा समुद्र आमच्या घरी रोज सकाळी एका डबीएवढ्या यंत्रातून घरघरत येतो. रत्नागिरीला बिऱ्हाड करण्याचे कारण उरले नाही.

पण कुठे राहावे, हा प्रश्न त्याने सुटला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागण्याच्या दोन दिवस आधी मुलगा-सून चिमीला घेऊन चाकूरला आले, दोन महिन्यांसाठी म्हणून. दोन महिन्यांचे वर्ष झाले. पुढे बँकेने मुलाला विचारले, पुण्याला परत येता की लातूरची जागा घेता? तेव्हा हा प्रश्न ताटातल्या घासासारखा पुढ्यात आला. गिळायचा की बाजूला काढायचा, ते आता ठरविणे भाग होते.

चाकूर हे बालाघाटच्या पठारावरचे तालुक्याचे गाव. लातूर-नांदेड रस्त्यावर, लातूरपासून पस्तीसएक किलोमीटर. बाहेरच्यांना ते लोकसभेचे सभापती आणि देशाचे गृहमंत्री राहिलेले शिवराज पाटील चाकूरकर यांच्या नावामुळे ठाऊक असते. हवा कोरडी, आभाळ मोकळे. पाहुणा येतो तो पहिला श्वास घेऊन म्हणतो, “काय शुद्ध हवा हो!” त्याचे आडनाव काहीही असो, हे वाक्य ठरलेले. तो बहुधा श्रावणात आलेला असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीयंत्रांची धूळ सुटते तेव्हा त्याने यावे. भिजलेल्या कडब्याच्या गंजीत बुरशी धरते. ती निरोगी माणसाला शिंकेपुरती त्रास देते, पण अशा मुलाच्या छातीत जाऊन बसते. आणि मे महिना! पारा ४२ अंशांना टेकतो. १९४८ साली न्यूयॉर्कला उष्णतेची मोठी लाट आली, तेव्हा गळून जाऊन इस्पितळात आलेल्या मुलांत या रोगाची मुले पुष्कळ होती. त्यावरून डॉ. पॉल डी सांताग्नेझे यांना शंका आली आणि त्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या घामावाटे मीठ फार वाहून जाते. न्यूयॉर्कच्या लाटेत ही गत, तर चाकूरच्या वैशाखात काय?

उकाड्यावर आमच्याकडे एकच उपाय, खिडकीतला कूलर. आणि डॉक्टरांनी पहिली फुली मारली ती त्यावरच. त्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात नेमके तेच जंतू वाढतात, जे या मुलांच्या फुप्फुसात एकदा शिरले की निघता निघत नाहीत. म्हणजे गारव्यासाठी कूलर लावावा तर जंतू आणि न लावावा तर मीठ जाते. विज्ञानाच्या पुस्तकात मी चाळीस वर्षे मुलींना बाष्पीभवन शिकविले. त्याला हे असले शेपूट असेल, हे कुठे ठाऊक होते!

उलट बाजूला पुणे. तिथे तिला ओळखणारे डॉक्टर, तपासण्या, औषधे; पण रस्त्याचा धूर, बांधकामांची धूळ आणि त्यांच्या बिऱ्हाडातली पावसाळ्यात ओल धरणारी उत्तरेची भिंत. दिल्लीचेही नाव निघाले. तिथल्या एम्समध्ये या रोगाच्या मुलांची फार जुनी ओपीडी आहे आणि घामाची स्वस्त तपासणी बसविण्याचे कामही त्यांनी केले. पण दिल्लीचा कार्तिक-मार्गशीर्षातला धूर आपण वर्तमानपत्रांत पाहतोच. थोर डॉक्टर आणि थोर हवा एका गावात नांदत नाहीत, असे काहीसे दिसते.

अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला, “मामी, तिला इकडेच पाठवा.” २०१९ साली तिकडे तीन औषधांची एक गोळी निघाली. तिने कित्येकांचे आयुष्य पालटून टाकले. निघाली तेव्हा वर्षाची तिची छापील किंमत सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर होती. भाच्याच्या बोलण्याने आठ दिवस घरात कुणी नीट झोपले नाही. मग जनुकांची तपासणी झाली. ही गोळी मुख्यतः ज्या दोषावर चालते तो गोऱ्या लोकांत फार, आपल्याकडे त्या मानाने कमी. आणि चिमीचे दोन्ही दोष वेगळेच निघाले. सून त्या दिवशी एवढेच म्हणाली, “बरं झालं. घर विकायचं की नाही, हा तरी प्रश्न मिटला.” ‘बरं’ हा शब्द इतका कडू मी कधी ऐकला नव्हता.

पाचगणी-मिरजेच्या आठवणीने मला एक भाबडी आशा होती: या रोगाच्या मुलांसाठी कुठेतरी एखादे आरोग्यभुवन असेल, जिथे चिमीसारखी दहा पोरे एकत्र वाढतील. तसे नाही आणि असूही नये. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागतात म्हणून या मुलांनी एकमेकांजवळ बसायचे नसते. परदेशी त्यांची उन्हाळी शिबिरे भरत, तीही पुढे बंद करावी लागली. पुण्याच्या दवाखान्यात चिमीच्याच वयाचा एक मुलगा दिसतो. दोघे लांबून, तोंडावर मास्क बांधून, एकमेकांना अंगठा दाखवितात. त्यांच्या आया जिन्याशी उभ्या राहून बोलतात.

क्षयाच्या बाबतीतही हवापालटाचा डोलारा आपल्याच देशात कोसळला, हे मला या धावपळीत वाचायला मिळाले. १९५६ साली मद्रासला एक संशोधन केंद्र निघाले. त्यांनी काही रोग्यांना आरोग्यभुवनात ठेवले, काहींना त्यांच्या कोंदट घरीच. औषध दोघांना तेच. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. औषध नेमाने पोटात जाते की नाही, याला महत्त्व होते.

मी हे जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितले. सुनेने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, मग हवेचं सोडा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तिच्या पाठीवर हात कुणाचा असेल, ते सांगा.”

त्या हाताविषयी सांगायला हवे. खाऱ्या पाण्याचा वाफारा झाला की ओंजळीसारखा पोकळ हात करून पाठीवर, कुशीवर, छातीवर थोपटायचे. मूल कधी पालथे, कधी एका अंगावर. वीस-पंचवीस मिनिटे, कफ सुटून खोकून बाहेर पडेपर्यंत. मग यंत्राचे भाग धुऊन, उकळून, कोरडे करायचे. प्रत्येक खाण्याबरोबर पाचक द्रव्याच्या गोळ्या. जेवणात तूप, शेंगदाणे, साय सढळ आणि मीठ वरून. आमच्या ह्यांना रक्तदाबामुळे मीठ बंद. तेव्हा एकाच पंगतीत आजोबांच्या ताटातले लोणचे उचलून नातीच्या ताटात जाते आणि ते तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती पाहण्यासारखी असते. हे सारे रोज दोनदा, दिवाळीला आणि परीक्षेलाही. पुण्यात दोघे नोकरी करणार, तर हे कुणी करायचे? एकाने नोकरी सोडली तर पुण्याचे भाडे आणि औषधे कशी निघायची?

“इथे माझे हात आहेत,” मी म्हणाले. माझे म्हणणे खरे होते, पण त्यात स्वार्थही होता, आणि सुनेला तो दिसत होता. पोर डोळ्यांसमोर हवी, असे कुठल्या आजीला वाटत नाही? म्हणून तिने निर्णय माझ्या उत्साहावर सोपविला नाही. तिने अटी घातल्या. मुलाने लातूरची जागा घ्यावी आणि रोज जाऊन-येऊन करावे. कूलर विकावा; एका खोलीला एसी आणि वीज गेली तरी यंत्र चालावे म्हणून इन्व्हर्टर. परसातली कडब्याची गंज हलवावी, हौद झाकावा. मळणीच्या पंधरवड्यात ती चिमीला घेऊन सोलापूरला माहेरी जाईल. दर तीन महिन्यांनी पुणे, साडेतीनशे किलोमीटर, चुकवायचे नाही. आणि लातूरमध्ये असा एक डॉक्टर गाठावा, जो पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला कमीपणा मानणार नाही. ही शेवटची अट सर्वांत अवघड ठरली. तिसऱ्या दारी ती पुरी झाली.

स्वतःच्या नोकरीविषयी ती काही बोलली नाही. आता ती गावातल्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब घरी बसून करते. हाताला काम आहे, पण कचेरीतल्या मैत्रिणींचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलते आणि उशिरा खाली येते.

२०२३ च्या पावसाळ्यात परीक्षा झाली. रात्री दोनला ताप, श्वास भरभर, कफाला हिरवट रंग. पुणे असते तर अर्ध्या तासात तिच्या डॉक्टरांपुढे असतो, हे कुणी बोलून दाखविले नाही, पण गाडीत चौघांच्याही मनात तेच होते. लातूरच्या डॉक्टरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला, पहाटेपर्यंत शिरेतून औषध सुरू झाले आणि चौदा दिवस चालले. दिवसातून दोनदा थोपटणे तिथेही चुकले नाही. सुनेचा हात दुखला की मी, मी थकले की मुलगा. पुढल्या खेपेस पुण्याला नळीत फुंकण्याची चाचणी केली तेव्हा छातीचा आकडा जवळजवळ पूर्वीच्या जागी आलेला होता. जवळजवळ. सुनेने तो वहीत टिपून ठेवला आणि त्याखाली रेघ ओढली.

ती वही स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी असते. डाव्या पानावर वजन, उजव्यावर छातीचा आकडा. लागोपाठ दोन खेपा आकडा घसरला, तर त्याच महिन्यात पुणे. मी रडायचे नाही, ह्यांनी घराचा विषय काढायचा नाही, असे आमचे ठरले आहे. मुलाने बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे. सही केलेली आहे, तारखेची जागा तेवढी रिकामी.

परवा सोलापूरला निघताना चिमी मला बजावून गेली, “आजी, मळणी संपली की लगेच फोन कर. नाहीतर गेल्या वर्षीसारखं दोन दिवस उशिरा कळवशील.” सोयाबीन यंदा पावसाने लांबले आहे. मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाहते. अहमदपूरच्या बाजूला अजून धूळ दिसते आहे.