मच वेनलॉकची चावडी

मुलांनो, ऑलिंपिक म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ग्रीस, अथेन्स, पाच रंगीत वर्तुळं. हो ना? आज मात्र आपण जाणार आहोत इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, मच वेनलॉक नावाच्या गावी. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या घरात. एवढ्याशा गावाला आपण शहर म्हणणार नाही, पण तिकडे ते 'टाऊन' आहे बरं का!

चर्चच्या शेजारीच दिसतो तो गिल्डहॉल. काळ्या लाकडी तुळया आणि त्यामध्ये पांढऱ्या भिंती. १५४० च्या सुमाराला तो बांधला. ओकच्या जाडजूड खांबांवर वरचा मजला उभा आहे. खालच्या मोकळ्या जागेत बाजार भरायचा आणि वर न्यायालय नि गावसभेची खोली. म्हणजे मंडई, कचेरी आणि चावडी एकाच छपराखाली!

एका खांबाला लोखंडी कड्या दिसतील. त्यांत गुन्हेगाराचे हात अडकवून त्याला फटके मारत. आणि इथला खोडा तर पाहाच. त्याला चक्क चाकं आहेत! पाय अडकवलेल्या माणसाला गावभर फिरवायची सोय. शिक्षा परवडली, पण सगळ्या गावासमोरची ती मिरवणूक नको, असं झालं असेल बिचाऱ्याला.

याच गावात १८०९ साली विल्यम पेनी ब्रुक्स जन्मले. पेशाने डॉक्टर, शिवाय न्यायदंडाधिकारी. लोकांना शिक्षा करण्यापेक्षा त्यांच्या हाती पुस्तक द्यावं, मैदान द्यावं, अशी त्यांची धडपड. १८४१ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांसाठी वाचन मंडळ काढलं. १८५२ मध्ये गावात कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्यबाजाराची इमारत उभी राहिली, तिच्यात मंडळाची वाचनाची खोली झाली.

पण खरी गंमत त्याआधीच घडली होती. १८५० मध्ये या वाचन मंडळाने खेळांची शाखा काढली आणि नाव दिलं 'ऑलिंपियन क्लास'. त्याच वर्षी पहिले सामने झाले. धावणं, उड्या, क्रिकेट, फुटबॉल तर होतेच. पुढे डोळे बांधून हातगाडी ढकलण्याची शर्यत आली, आणि एका वर्षी आजीबाईंची शर्यतही झाली. बक्षीस काय? एक पौंड चहा!

त्या काळी इंग्लंडमधले बडे क्लब मजूर-कारागिरांना स्पर्धेत घेत नसत. ब्रुक्सना हे मुळीच मान्य नव्हतं. वेनलॉकचं मैदान सर्वांना खुलं होतं. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १८६६ मध्ये लंडनला सामने भरवले, तेव्हा अडथळ्यांची शर्यत जिंकली ती कोणी? डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी. हो, तेच दाढीवाले क्रिकेटपटू!

शाळेत व्यायामाचा तास हवा, असाही ब्रुक्स यांचा आग्रह होता. (पी. टी. च्या तासाला पोट दुखणाऱ्यांनी पुढचं वाचावं.) १८७१ मध्ये त्यांनी गावच्या शाळेतल्या मुलांच्या छातीची मापं घेतली. काही मुलांकडून नियमित व्यायाम करून घेतला आणि पुन्हा टेप लावली. व्यायाम करणाऱ्यांची छाती चांगलीच भरली होती. त्या व्यायामात 'इंडियन क्लब' होते. ते मूळचे कुठले? आपल्या तालमीतले मुद्गल! इंग्रजांनी ते इथे पाहिले आणि तिकडे नेले.

१८९० मध्ये फ्रान्सचे बॅरन पिएर द कुबर्तिन हे सामने बघायला वेनलॉकला आले. ब्रुक्स तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे. जगाचे सामने अथेन्सला भरावेत, हे स्वप्न त्यांनी पाहुण्याला सांगितलं. परत गेल्यावर कुबर्तिननी ब्रुक्स यांचं श्रेय मोकळेपणाने लिहून ठेवलं. एप्रिल १८९६ मध्ये अथेन्सला सामने भरले. ब्रुक्स मात्र डिसेंबर १८९५ मध्येच गेले होते. चारच महिने कमी पडले.

त्यांची समाधी गिल्डहॉलजवळच्या त्या चर्चच्या आवारातच आहे. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच तिथे पुष्पचक्र वाहायला आले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या एकडोळ्या बाहुल्याचं नावही 'वेनलॉक' ठेवलं होतं.

गावातल्या १८७८ च्या बाजार-हॉलमध्ये पुढे सिनेमे दाखवले जात. आता तिथे संग्रहालय आहे. लिंडन फील्डवर कुबर्तिननी लावलेला ओक चांगला डेरेदार झालाय. दर जुलैत तिथे सामने भरतात. आणि गावच्या माध्यमिक शाळेचं नाव आहे, विल्यम ब्रुक्स स्कूल.