निष्कारण समुद्राकडे

आमच्या घरी ‘गोव्याला जाणे’ याचा अर्थ फोंड्याला जाणे असा होता. वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात, आमचे सारे कुटुंब पितळी डबे, पूजेचे साहित्य आणि मुलांचे ओरडणे यांसह बेळगावहून निघे, अनमोडचा घाट उतरे आणि अग्रशाळेतील एका खोलीत विसावे. मग मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे असा ठरलेला क्रम. अभिषेक, आरती, महाप्रसाद, गुरुजींची दक्षिणा, आणि तिसऱ्या दिवशी परत. तेथून तासाभराच्या अंतरावर अरबी समुद्र पसरलेला आहे, ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही; पण तिचा आमच्या यात्रेशी काही संबंध आहे असे कोणालाच वाटत नसे. वस्तुतः आमची ही दैवते मूळची अशी आतली नव्हेत. मंगेश कुठ्ठाळचा, शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भयाने भक्तांनी त्यांना रातोरात झुआरीपलीकडे, आदिलशाही मुलखात आणून बसविले. देव खाऱ्या वाऱ्यातून डोंगरांच्या कुशीत आले आणि त्यांच्यामागून आम्हीही आलो. त्यानंतर साडेचारशे वर्षे मागे वळून पाहण्याचे आम्हांस कारण पडले नसावे.

आमच्या आजीचे समुद्राविषयीचे मत शास्त्रोक्त होते. पिंपळाला शनिवारीच शिवावे आणि समुद्राला पर्वणीलाच, एरव्ही दोघांनाही दुरूनच नमस्कार करावा, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. तो आजीला मुखोद्गत होता. समुद्रयान तर कलिवर्ज्यांतच जाऊन बसलेले. तेव्हा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आम्ही समुद्र पाहिला तो मांडवीच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून, आणि तोही पणजीत काकांचे काही काम निघाले म्हणून.

२००१ सालच्या जानेवारीत, कायद्याचा अभ्यास अर्ध्यावर असताना, आम्ही एकटेच वेंगुर्ल्याला जातो असे घरी सांगितले. वडिलांनी रीतसर उलटतपासणी घेतली. लग्न कोणाचे? मुंज कोणाची? नोकरीची मुलाखत? कोणी आजारी? यांपैकी काहीच नाही, समुद्र पाहायचा आहे, असे आम्ही म्हणताच त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढील आयुष्यात अनेक न्यायाधीशांनी आमच्याकडे तसे पाहिले आहे. आईने मात्र काही विचारले नाही. चिवड्याचा डबा आणि तीनशे रुपये दिले, आणि “गुरुवारपर्यंत ये,” एवढेच म्हणाली.

कारणाचा हा प्रश्न आम्हांस पुढे फार दिवस छळीत राहिला. तरुणपणी एकट्याने घर सोडणारी माणसे आमच्या मुलखात झाली नाहीत असे नव्हे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली, ऐन तेविशीत, घर सोडून निघाले ते बुद्धाच्या शोधात नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत पोहोचले; ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मवृत्त वाचताना आजही आमची छाती दडपते. पण त्यांच्यापाशी कारण होते, आणि तेही केवढे! संन्याशाला मोक्षाचे कारण असते, व्यापाऱ्याला मालाचे, वारकऱ्याला एकादशीचे. कारण असले की आमचा समाज माणसाला केवढाही मोठा प्रवास करू देतो, प्रसंगी खांद्यावर शिदोरी ठेवतो. नुसते बसून पाहण्यासाठी जाणारा मात्र त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

याचा प्रत्यय आम्हांस पहिल्याच संध्याकाळी आला. सावंतवाडीवरून आलेल्या एस. टी.तून उतरून आम्ही एका लॉजात शिरलो. त्या लॉजाचे नाव सांगण्यात काही स्वारस्य नाही. गल्ल्यावरील गृहस्थांनी आमच्यामागे दाराकडे दोनदा पाहिले. आमच्यामागून कोणी येत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि खोली शिल्लक नाही म्हणून सांगितले. भिंतीवर किल्ल्यांची रांग लोंबकळत होती. पुढे एका जाणत्याने याचा उलगडा केला: समुद्रकाठच्या गावी एकटा तरुण पोर आला, की तो परीक्षेत नापास झालेला किंवा प्रेमात फसलेला असणार, आणि सकाळी पोलिसांचा पंचनामा आपल्या दारात होणार, अशी त्यांची धास्ती असते. धास्ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही.

शेवटी बंदराच्या वाटेवरील एका खानावळीत जागा मिळाली. जागा म्हणजे पडवी, चटई आणि एक उशी. खानावळवाल्या बाईंनी आम्हांस नखशिखांत न्याहाळले.

“काय रे झिला, एकटोच इलंस? घराकडे सांगान इलंस मां?”

आम्ही होय म्हटले.

“भांडान तर नाय ना इलंस?”

नाही म्हटल्यावर त्यांनी पेजेचे ताट पुढे ठेवले. दोन प्रश्न विचारून त्यांनी जो निकाल दिला, तो लॉजवाल्यांना सगळी वही चाळूनही देता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पहाटे किनाऱ्यावर गेलो तो रापण ओढणे चालले होते. ज्या वाचकांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेऊन लांबच लांब जाळे टाकीत जातात, आणि मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगा करून ओढतात. पंचवीस-तीस माणसे, म्हातारी नि पोरेसुद्धा, दोरीला लागतात. पाय वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एका लयीत पावलापावलाने मागे सरायचे. रांगेच्या शेवटी पोहोचलेल्याने पुन्हा पुढे जाऊन पाण्याजवळ दोरी धरायची. आम्ही हाताची घडी घालून, निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेणाऱ्या सुशिक्षिताच्या मुद्रेने उभे होतो. एका म्हाताऱ्याने मान न वळविता सांगितले, “बगतंस काय, धर रे दोरी!” आम्ही धरली. दीड तासाने तळहाताची साले निघाली तेव्हा जाळे काठाला आले, आणि त्या ओल्या जाळ्यात जी चांदी उसळत होती तिचे वर्णन करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. मग वाटे पडले. ज्याने दोरी धरली त्याला वाटा, हा तिथला कायदा. आमचे नाव, गाव, कुळ, येण्याचे प्रयोजन कोणी विचारले नाही. चार बांगडे आणि मूठभर तारल्या एका पानावर ठेवून आमच्या पुढ्यात सरकविण्यात आल्या. जन्मातली ती आमची पहिली कमाई. आणि आमच्या घरी सोमवार पाळतात!

ती कमाई घेऊन आम्ही खानावळीत आलो. बाईही सोमवार पाळीत होत्या. त्यांनी बांगड्यांना मीठ लावून ठेवले आणि मंगळवारी सकाळी, निघण्यापूर्वी, तव्यावर टाकून वाढले. तसे बांगडे त्यानंतर मोठमोठ्या हॉटेलांत खाल्ले, पण ते विकतचे होते.

मंगळवारी आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला चालत निघालो. मोचेमाडची खाडी, सुरूची बने, मधेच एखादी टेकडी चढून खाली उतरले की पुन्हा तीच निळी रेघ. दुपार टळता टळता आरवलीला पोहोचलो. जयवंत दळवींच्या लेखनामुळे हे गाव मराठी वाचकांना परके नाही. तेथील वेतोबाचे दर्शन आम्ही त्या दिवशी प्रथम घेतले. पुरुषभर उंचीहून मोठी ती उभी मूर्ती, समोर केळ्यांचे घड, आणि एका बाजूस नवसाच्या भल्या मोठ्या चामड्याच्या चपला. वेतोबा रात्री एकटा गावाच्या सीमेवरून फेरी घालतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्तांनी नव्या वाहायच्या, अशी श्रद्धा आहे. फोंड्याच्या आमच्या दैवतांना आम्ही नेहमी पालखीत, छत्रचामरांत, वाजंत्र्यांच्या मेळ्यात पाहिले होते. हा देव पायी चालणारा, आणि एकटा. आमची स्वतःची एक वहाण मोचेमाडलाच तुटली होती व ती आम्ही सुतळीने बांधली होती. त्यामुळे असेल, पण त्या चपलांपुढे आम्ही जरा अधिकच वेळ उभे राहिलो.

रात्र शिरोड्यास काढली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने आणि वि. स. खांडेकरांच्या अठरा वर्षांच्या शिक्षकीने गाजलेले हे गाव. मिठागरे पाहिली, अंधार पडला, आणि मग एकटेपण म्हणजे काय ते कळले. एकांत सुखद असतो असे लिहिणारे लेखक बहुधा दुपारी लिहीत असावेत. रात्री समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि तो आवाज आपल्याशी बोलत नाही हे ध्यानात यायला फार वेळ लागत नाही. घराची आठवण आली. मित्रांना बरोबर आणले असते तर आता पत्त्यांचा डाव रंगला असता, असेही वाटले. आपण वकील व्हावे की न व्हावे, याचा निकाल त्या रात्री लागेल अशी एक काव्यमय अपेक्षा मनात होती. तसे काही झाले नाही. दोन वाजेपर्यंत जागे राहून आम्ही झोपी गेलो. पण स्वतःच्या संगतीत एक अख्खी रात्र काढता येते, तिला कोणी साक्षीदार लागत नाही, ही गोष्ट तेव्हापासून आम्हांस पुराव्याने सिद्ध झालेली आहे.

बुधवारी रेडीचा गणपती पाहिला. १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीत सापडलेली ती मूर्ती. भोवतीची माती इतकी तांबडी की पायांवर कुंकू माखल्यासारखे वाटावे. मग तेरेखोल. पोर्तुगीजांनी १७४६ साली सावंतवाडीच्या भोसल्यांकडून हा किल्ला घेतला आणि १९५४ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. खाली नदीच्या मुखाशी फेरीबोट उभी होती. तिच्यावरील खलाशाने तोच प्रश्न विचारला, आता कोंकणीत: “एकलोच? इश्ट खंय उरले?” आम्ही “घरा” म्हटले. तो हसला, आणि बोटीच्या नाकाशी, जिथे वारा थेट तोंडावर येतो, तिथे उभे राहू दिले. पलीकडे केरीचा किनारा. अशा रीतीने आम्ही समुद्राच्या बाजूने गोव्यात शिरलो. आमच्या घराण्यात कित्येक पिढ्यांनंतर बहुधा प्रथमच. गुरुवारी घरी हजर होतो.

या गोष्टीस आता पंचवीस वर्षे होत आली. त्या किनाऱ्यावर आता घरोघरी राहण्याची सोय झाली आहे, गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, आणि शनिवार-रविवारी मोटारी भरभरून माणसे येतात. ती आपल्याबरोबर आपले गाणे, आपला गोंगाट आणि आपली सारी गल्ली घेऊन येतात. आम्हांस त्यांचा राग नाही. पण फोंड्याला जाणारे आमचे कुटुंब आणि ही मंडळी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही, फक्त पितळी डबे गेले.

हे सारे आठवण्याचे निमित्त आमची कन्या आहे. वय एकोणीस. गेल्या महिन्यात तिने जेवताना सांगितले की वेंगुर्ल्यापासून केरीपर्यंतचा किनारा ती एकटी पाहणार आहे. “कशासाठी?” असे आमच्या कुटुंबाने विचारले. “काही नाही. समुद्र बघायला,” ती म्हणाली. आम्ही चष्मा काढला होता, तो तसाच परत घातला.

कायदा तिच्या बाजूस आहे, हे सांगणे आमचे कर्तव्य होते. १८७५ च्या अधिनियमान्वये अठरा पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान. संविधानाचा अनुच्छेद १९ देशभर मुक्त संचाराचा हक्क देतो. अनुच्छेद १५ सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणांवरून कोणास हॉटेलात प्रवेश नाकारता येणार नाही. एकटेपणाचा उल्लेख घटनाकारांनी केलेला नाही. पण घरात अनुच्छेद वाचून दाखविणाऱ्या वकिलाची जी किंमत होते ती आमची झाली. आमच्या कुटुंबाचा मुद्दा सरळ होता: “तुम्ही गेलात तेव्हा तुम्ही मुलगा होता.” याला उत्तर नाही. किनाऱ्यावरील तो खलाशी, तो म्हातारा, त्या खानावळवाल्या बाई मुलीशीही तशाच वागतील, असे आम्हांस वाटते; परंतु वाटणे हा पुरावा नव्हे.

त्यात भर म्हणून, वाटेतील एका देवस्थानाच्या अग्रशाळेत तिने एका रात्रीसाठी दूरध्वनी केला. पलीकडून सौजन्याने विचारणा झाली, सोबत कोण आहे? कोणी नाही म्हटल्यावर, वडिलांना बोलायला सांगा, असे उत्तर आले. फोन आमच्यापासून हातभर अंतरावर होता. आम्ही हात पुढे केला, पण तिने तो दिला नाही. “आभारी आहे,” म्हणून फोन ठेवला आणि यादीतून ते नाव खोडले. दुरून येणाऱ्या कुळाव्यांना रात्री-अपरात्री डोके टेकता यावे म्हणून आपल्या पूर्वजांनी या अग्रशाळा बांधल्या. व्यवस्थापनातील मंडळी आमच्या परिचयाची, सज्जन, आणि त्यांची काळजीही खरी. तरी येत्या महाजनसभेत हा प्रश्न मांडण्याचा आमचा विचार आहे, आणि या मासिकाच्या वाचकांपैकी जे सभेस असतील त्यांनी त्याचा आतापासून विचार करून यावे.

आमच्या आई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. हे सारे चालले असताना त्या कोपऱ्यात वाती वळीत होत्या. रात्री त्यांनी नातीला जवळ बोलावून पैसे दिले: आरवलीला वेतोबाला केळी ठेव म्हणून थोडे, आणि बाकीचे तिच्यासाठी. ती निघणार गुरुवारी, सकाळच्या एस. टी.ने. दिवसातून दोनदा फोन करावा असा तिच्या आईचा आग्रह होता, तिचे म्हणणे एकदाही नको. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिवेलागणीनंतर एक, असे ठरले आहे. आम्ही तिला फेरीबोटीच्या वेळा लिहून देऊ लागलो. तिने त्या आधीच काढून ठेवल्या होत्या.