व्यसन रक्तात असते का?

२६ जून ही राजर्षी शाहू महाराजांची जयंती, महाराष्ट्राचा सामाजिक न्याय दिन. जागतिक अमली पदार्थविरोधी दिनही त्याच तारखेला येतो. म्हणून वस्तीत सकाळी प्रतिमेला पुष्पहार आणि दुपारी कॉलेजची रॅली. कवटीची चित्रे, घोषणा, सेल्फी. रॅली निघून जाते आणि समाजमंदिरामागे रुमालावर पंक्चरचे सोल्युशन ओतणारी पोरे तिथेच बसलेली असतात.

म्हणून आम्ही हा कार्यक्रम वस्तीतल्याच विद्यार्थ्यांच्या हाती दिला. घोषणा बंद, फळ्यावर चित्र. पेशीवर रिसेप्टर असतात, कुलपेच म्हणा. वेदना शमवणारी एंडॉर्फिन ही किल्ली शरीर स्वतः बनवते. अफू, ब्राउन शुगर, आणि खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, ज्याचे यकृतात मॉर्फिन होते, ही सगळी त्याच कुलपात शिरतात. १९७३ मध्ये हा रिसेप्टर प्रयोगशाळेत सापडला. बाहेरची किल्ली रोज फिरली की पेशी तिला दाद देईनाशी होते, डोस वाढतो. थांबवला की अंग मोडून येते, जुलाब लागतात, झोप उडते. हा आजार आहे, माज नव्हे.

बी.एस्सी.ची एक मुलगी हे समजावत असताना मागून प्रश्न आला, "ताई, आजा प्यायचा, बाप पिऊनच गेला. आमच्या रक्तातच आहे का हे?"

हा प्रश्न त्या पोराचा नाही, त्याला शिकवलेला आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. आता 'रक्त' जुने झाले, 'जीन्स' म्हणतात.

विज्ञान काय म्हणते? जुळ्यांच्या अभ्यासातून व्यसनाधीनतेत अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा दिसतो. हे लपवायचे कारण नाही. पण तो वाटा असंख्य जीन्समध्ये विखुरलेला आहे. १९९० मध्ये डोपामाइनच्या एका रिसेप्टरचा जीन 'दारूचा जीन' म्हणून गाजला. इतरांना तसा निष्कर्ष सातत्याने मिळेना, पुढे ती खूण शेजारच्याच जीनमधली निघाली. अफूच्या रिसेप्टरचा जीन सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यातल्या एका अक्षराच्या बदलावर ढीगभर अभ्यास झाले, निष्कर्ष जुळले नाहीत. शिवाय 'निम्मा वाटा' माणसामाणसांतला फरक सांगतो, दोन वस्त्यांमधला नाही. जात वंशशुद्धी राखते हा दावा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच खोडून काढला होता. आता त्याच दाव्याला प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवू देणार का?

व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर त्यातून सुटले, असे ली रॉबिन्स यांच्या पाहणीत दिसले. जीन्स तेच होते, भोवताल बदलला.

आमच्यातलेही काही जण पाचव्या शिलाचा दाखला देऊन अशा पोराला विहाराच्या पायरीवरून उठवतात. शील स्वतःला आवरण्यासाठी घेतलेले असते, दुसऱ्याला हाकलण्यासाठी नव्हे.

अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवन किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. वस्तीला पोलीस माहीत आहे, हे कलम माहीत नाही. विद्यार्थी आता तेच सांगतात, १४४४६ ही हेल्पलाइन लिहून देतात. त्या पोराचा पुढचा प्रश्न जीन्सचा नव्हता. त्याने विचारले, केंद्र कुठे आहे. दोन बस बदलाव्या लागतात.