काळी तलंग

बागेच्या शासकीय शाळेत विज्ञानशिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि दहावीस आनुवंशिकता शिकविण्याचा प्रसंग मजवर आला. मी मराठीचा एम. ए.; मेंडेलचे वाटाणे रात्री वाचावे नि सकाळी सांगावे, असा क्रम. प्रबळ गुण आईकडून येवो वा बापाकडून, फळ एकच, असे मी ठासून सांगितले.

मागील बाकावरची एक भिलाला मुलगी उठली. झाबुआ-धारच्या या मुलखात कडकनाथ घरोघर. पिसे, तुरा, जीभ, हाडेसुद्धा काळी, म्हणून लोक त्यास कालामासी म्हणतात. (आमच्या घरी अंडेही वर्ज्य, त्यामुळे माझे ज्ञान कुंपणाबाहेरचे.) ती म्हणाली, “सर, आमच्या काळ्या कोंबडीला पिवळ्या पायांचा कोंबडा लाभला, तर सारी पिल्ले फिकी झाली. काकांकडे कोंबडा काळा, कोंबडी पिवळ्या पायांची. तिथे तलंगा काळ्या, कोंबडे तेवढे फिके.”

“तुझी मोजणी चुकली,” मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली आणि पुढे पंधरा दिवस तिने हात वर केला नाही.

तेच मला सलत राहिले. इंदूरहून आणविलेल्या ग्रंथात उत्तर सापडले. बेटसन व पनेट यांनी चीनमधील सिल्की कोंबड्यांत हेच पाहून १९११ साली प्रसिद्ध केले होते! अंगातील काळेपणाचा गुण प्रबळ खरा. परंतु पिवळ्या वा पांढऱ्या पायांच्या पक्ष्यांत तो दडपणारा दुसरा गुण असतो, आणि तो लिंगनिश्चिती करणाऱ्या झेड गुणसूत्रावर वसतो. कोंबडीपाशी असे एकच गुणसूत्र, तेही बापाकडून आलेले. म्हणून बाप काळा असेल तर लेक काळी; लेकास मात्र आईकडून दडपणारा गुण मिळतो.

त्याच वर्गात, त्याच फळ्यावर मी हे मांडले आणि मोजणी माझीच चुकली होती असे सांगितले. मुले गप्प होती. तिने वहीत आकृती उतरवून घेतली, नि मग हात वर केला.

“काकांच्या त्या तलंगा अस्सल कडकनाथ कोंबड्याला दिल्या तर?”

आम्ही दोघांनी फळ्यावर चौकट आखली. सारी पिल्ले काळी निघत होती.

“मग सर, बाजारात अस्सल कोणते, ते रंगावरून कसे ओळखायचे?”

झाबुआच्या कडकनाथ मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हा प्रश्न इकडे पोटापाण्याचा झाला आहे. नुसत्या रंगावरून ते ओळखता येणार नाही, असे मी म्हणालो. तोच तास संपल्याची घंटा झाली.